मुकादम डॉक्टर आणि मुलांचे टॉन्सिल

प्रिय ईशान आणि अन्वी,

मागच्या आठवड्यात तुमच्या आईनं ईशानच्या टॉन्सिलचा रिपोर्ट फोनवर पाठवला. पाठोपाठ ईशान, तुझा बसलेला आवाज आला, की आजी, माझ्या घशात कानाचं हाड का होतं. तुझ्या बाबांनी तोवर इंटरनेटवर नको ते सगळं वाचून काढलं होतं. रिपोर्टात लिहिलं होतं ते एवढंच: उजव्या टॉन्सिलमध्ये कूर्चेचं एक छोटं बेट सापडलं, बाकी सगळं नेहमीसारखं. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या कडेला बोटांनी वाकवता येतं ते. तिथली असते तशीच थोडी तुझ्या टॉन्सिलमध्ये होती. त्यानं काही बिघडत नाही.

हे मी तुला फोनवर लगेच सांगितलं आणि तू विचारलंस, तुला कसं माहीत, तू तर डॉक्टर नाहीस. बरोबर आहे. मला जे माहीत आहे ते मुकादम डॉक्टरांकडून. तुझा रिपोर्ट आला तेव्हा पहिला फोन मी त्यांनाच करायला घेतला होता. नंबर काढला आणि मग आठवलं, की त्यांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हाच ठरवलं की त्यांच्याविषयी लिहून ठेवायचं. पुढे ढकललं तर राहून जाईल, कारण आता मलाही फार वेळ बसून लिहायचं म्हटलं की कंटाळा येतो. आई वाचून दाखवेल. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

तुम्हाला माहीत आहे की तुमचे आजोबा इंजिनियर म्हणून बहरैनला आले आणि आम्ही गुदैबियातल्या या फ्लॅटमध्ये राहिलो ते राहिलोच. मुलं मोठी झाल्यावर मी मनामातल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी धरली. काम टायपिंगचं. तळघरात लॅब होती, तिथे शरीरातून काढलेले तुकडे येत. औषधाच्या पाण्यात बुडवलेले, बरणीत. त्यांचे पातळ काप करून, गुलाबी-जांभळा रंग देऊन, काचेच्या पट्टीवर बसवत आणि मग मुकादम डॉक्टर ते मायक्रोस्कोपखाली बघत आणि काय दिसतं ते तोंडानं सांगत. मी ते टाइप करायचे. डॉक्टरांचं इंग्रजी वाक्य कधी संपायचं ते त्यांनाही कळत नसे. पूर्णविराम मी घालायचे. त्यावरून त्या मला इंग्लिश मॅडम म्हणत.

त्या मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, बाणकोटच्या. नाव हाजरा. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हूऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत एकट्या राहत. बुटक्या, अंगानं जाड, डोक्यावर साधा रुमाल, आणि बाहेर रस्ता वितळत असला तरी तळघरातल्या एसीत तपकिरी स्वेटर. गालात कायम लवंग. औषधाच्या वासाला तेवढाच उतारा, असं त्यांचं म्हणणं. मायक्रोस्कोपपुढे बसल्या की चपला काढून पाय खाली एका उलट्या खोक्यावर ठेवत आणि रिपोर्ट वाईट असला की मात्र चपला घालून उभ्या राहत आणि उभ्यानं सांगत. मला शब्द ऐकू येण्याआधी चपलांवरून कळायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या नेहमी दमलेल्या असत. सकाळी आल्या तरी दमलेल्या. मी एकदा म्हटलं, डॉक्टर, आज थोडं लवकर जा. त्या म्हणाल्या, "दमायला काय झालं गो. दमून पण बघता येतं." हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या आहेत की ते मी माझ्या स्वयंपाकघरातही म्हणते.

आता टॉन्सिलकडे येते. इथे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की निम्मी वस्ती आपापल्या देशी जाते. मुलांच्या टॉन्सिलचं ऑपरेशन शाळा चालू असताना कुणी करत नाही, आणि गावी तर मुळीच नाही, कारण विमा इथला. म्हणून सगळ्यांचं गणित एकच: शाळा संपली की ऑपरेशन, चार दिवस आइसक्रीम, मग विमान. त्या दिवसांत आमच्या तळघरात टॉन्सिलच्या बरण्यांची रांग लागायची. प्रत्येक बरणीत दोन, चिंचोक्यांएवढे, तपकिरी-पांढरे. प्रत्येक काचेवर तेच दिसणार, सुजलेलं, पण साधं. डॉक्टर तरीही प्रत्येक काच या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत. मीही तेच वाक्य पुन्हा पुन्हा टाइप करून आंबून जात असे. नाव तेवढं बदलायचं.

एका बैठकीत मॅनेजर म्हणाले, की मुलांचे टॉन्सिल मायक्रोस्कोपखाली बघणं बंद करू, नुसत्या डोळ्यांनी बघून सोडून देऊ, इतर ठिकाणी तसंच करतात. मला वाटलं डॉक्टर भांडतील. त्यांनी फक्त विचारलं, "हजारातला एक वाईट निघतो, तो कुठला ते कोण निवडणार? तुम्ही निवडता?" मॅनेजर हसले. विषय तेवढ्यापुरता पुढे गेला. जिना उतरताना मी त्या माणसाला नावं ठेवली, तर डॉक्टर म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाय गो. मी पण रोज चार वाजता तेच म्हणते." त्या लिफ्टनं कधी जात नसत. लिफ्टमध्ये फुलं घेऊन आलेले नातेवाईक असतात आणि ते बोलायला लागतात, म्हणून.

तुझ्यासारखी कूर्चा निघाली होती ती त्याच दिवसांत. एका शाळकरी मुलाच्या टॉन्सिलमध्ये. ऑपरेशन करणारे आमचे घशाचे सर्जन डॉ. सामी, इजिप्तचे, मनानं चांगले, पण घाईचे. रिपोर्ट घेऊन ते स्वतः खाली आले. बरण्या बदलल्या तर नाहीत ना, असं त्यांनी विचारलं, म्हणजे लॅबमधल्या माणसाला जे कधी विचारू नये ते. डॉक्टरांनी स्टूल पुढे ढकललं आणि त्यांना मायक्रोस्कोपात बघायला लावलं. मग हिंदीत समजावलं, कारण दोघांची हिंदी सारखीच मोडकी होती. म्हणाल्या, आईच्या पोटात बाळाचा कान आणि घसा शेजारी शेजारी बनतात. घर बांधून झाल्यावर गवंडी थोडी वाळू अंगणात विसरून जातो, म्हणून घर पडत नाही. डॉ. सामी गेल्यावर मला म्हणाल्या, "इंग्लिश मॅडम, एक लक्षात ठेव. विचित्र वेगळं आणि वाईट वेगळं. लोकांना विचित्राचीच भीती वाटते. वाईट असतं ते पुष्कळदा अगदी साधं दिसतं." टॉन्सिलमध्ये त्यांना काय काय सापडलं होतं: स्नायूचा तुकडा, जंतूंच्या पिवळ्या गाठी, एकदा माशाचा बारीक काटा, ज्याच्याभोवती टॉन्सिलनं स्वतःच भिंत बांधली होती. त्या काट्यावर त्या दिवसभर खूश होत्या. कोकणातलं पोर असणार, म्हणाल्या. निघालं केरळचं.

सनाची गोष्ट या सगळ्यानंतरची.

सना सहा वर्षांची. वडील इक्बाल मुहर्रकला विमानतळावर कार्गोत कामाला, आई शाहीन घरी. मूळचे रायगडातल्या म्हसळ्याचे. तिचा एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा बराच मोठा होता. दोन सारखे नसले की डॉक्टर लोक जरा सावध होतात, कारण क्वचित त्यात कॅन्सर असतो. डॉ. सामींनी ते काढून खाली पाठवले. सोबतच्या कागदावर, नेहमीप्रमाणे, एक शब्द: टॉन्सिल.

ती काच डॉक्टरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघितली. मी हात कीबोर्डवर ठेवून बसले होते. मग त्यांनी वाकून चपला शोधल्या, एक घातली, दुसरी घालायची थांबल्या.

"काय टाइप करू?" मी विचारलं.

"काय नको. नाव टाक आणि थांब."

मोठ्या टॉन्सिलमध्ये मोठाल्या, वेड्यावाकड्या पेशी पसरल्या होत्या. कॅन्सरमध्ये दिसतात तशा. पण टॉन्सिलची मूळची मांडणी कुठे कुठे शिल्लक होती आणि तेवढ्यावर त्यांचा पाय अडला होता. कॅन्सर लिहिलं तर त्या मुलीला दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवणार, केस जातील, वर्षभर कडक औषधं चालतील. नाही लिहिलं आणि असला, तर मुलगी सुट्टीला गावी जाईल आणि परत येईल तोवर उशीर होईल. कुटुंबाचं विमान त्याच आठवड्यात होतं. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, रागावल्यासारखं.

शंका कळवल्यावर डॉ. सामींचा फोन आला. तिकडच्या हॉस्पिटलात त्यांनी बोलून ठेवलं होतं, त्यांना कागद हवा होता. डॉक्टर म्हणाल्या, उद्या आईबापांना बोलवा, मी वर येते. सामी म्हणाले, आप क्यों आएँगी. खरंच, काच बघणारे डॉक्टर पेशंटला कधी भेटत नाहीत. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत त्या पेशंटला भेटायला वर गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. फोन ठेवून म्हणाल्या, "काचेवर नुसतं मांस असतं गो. पोर वर असतं."

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या जिना चढल्या, मध्ये दोनदा थांबून. सर्जनच्या खोलीत इक्बाल आणि शाहीन बसले होते आणि सना खुर्चीवर पाय हलवत होती. डॉ. सामी इंग्रजी आणि हिंदीत सांगत होते, की काही तपासण्या कराव्या लागतील, विमान पुढे ढकलावं लागेल. इक्बाल मान हलवत होता. त्यानं दोनदा विचारलं, "सर, कुछ सीरियस तो नहीं?" दोन्ही वेळा सामींनी उत्तर जरा वळवून दिलं. ऑपरेशनच्या आधी ताप, आजार काही होतं का, हे त्यांनी विचारलं तेव्हा इक्बालनं बायकोकडे पाहिलं आणि तिनं मान हलवली. नाही.

मुकादम डॉक्टर उठल्या आणि शाहीनला म्हणाल्या, चल, जरा बाहेर बसू. बाकड्यावर त्या दोघी बसल्या, मी शेजारी उभी राहिले. त्या दोघींची बोली मला समजते, पण लिहिता येत नाही नीट. माझ्या कानाला जशी आली तशी देते.

"कुठली गो तू?"

"म्हसळ्याची."

"म्हसळ्यात कुणाची?"

तिनं बापाचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "मी बाणकोटची. खाडीच्या पलीकडची. तुझ्या गावी कोण वाट बघतंय?"

"बहिणीचं लग्न हाय. धाकटीचं." मग हळूच, "आई नाय आमची. मीच हाय करायला."

"हां." डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "पोरीला ताप कधी आला होता?"

"नाय आला."

"मी लग्न थांबवायला नाय आले. माझ्या हातात ते नाय पण. तुझ्या पोरीच्या घशात काय हाय ते मला कळत नाय, म्हणून विचारते. तू नाय सांगितलंस तर मी चुकीचं लिहीन."

शाहीन दाराकडे बघत राहिली. आत नवरा होता. मग तिनं सांगितलं. ऑपरेशनच्या तीनएक आठवडे आधी सनाला ताप आला होता, हटत नव्हता, मान सुजली होती. सांगितलं असतं तर ऑपरेशन पुढे गेलं असतं, ऑपरेशन पुढे गेलं असतं तर विमान, आणि विमान गेलं असतं तर लग्न. नवऱ्यालाही तिनं निम्मंच सांगितलं. शेजारणीकडे तिच्या पोराचं उरलेलं गुलाबी गोड औषध होतं, ते दिलं.

"दिल्यावर?"

"अंगभर उठलं. गोवरासारखं. मी घाबरून बंद केलं."

डॉक्टरांनी डोकं मागे भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. "काय नाय," त्या म्हणाल्या. "जरा बसते."

त्यांनी नंतर मला समजावलं ते असं. एक ताप असतो, विषाणूचा, मुलांना आणि तरुणांना येतो, गळ्याच्या गाठी सुजतात आणि आपोआप बरा होतो. त्या तापात तसलं अँटिबायोटिक दिलं की पुष्कळदा अंगभर लाल उठतं. आणि तोच विषाणू टॉन्सिलच्या पेशींना असा फुगवतो की मायक्रोस्कोपखाली त्या कॅन्सरसारख्या दिसतात. कागदावर हे असतं तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्या बाजूनं विचार केला असता. कागदावर "टॉन्सिल" होतं.

रक्ताची तपासणी झाली आणि तो ताप नुकताच होऊन गेल्याचं त्यात निघालं. डॉ. सामी आनंदानं खाली आले. आता लिहून टाका, काही नाही म्हणून. डॉक्टरांनी सही केली नाही. ताप होता म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, म्हणाल्या. त्याच तुकड्याची दुसरी काच परदेशी मोठ्या लॅबला पाठवली होती, तिथे त्या पेशींतच विषाणू आहे का ते एका खास रंगानं दिसतं. ते येईपर्यंत थांबायचं. सामी वैतागले. "काल तुम्हाला आहे असं लिहून हवं होतं," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या, "आज नाही असं लिहून हवंय. डॉक्टर, मफी घाई. बसा, चहा घ्या."

घाई नाही असं म्हणणं त्यांना सोपं नव्हतं. त्या दिवसांत त्या जेवत नव्हत्या. दुपारी खुबूसच्या रोटीचा तुकडा आणि लोणचं समोर तसंच असायचं. ती काच त्या रोज काढून बघायच्या आणि परत ठेवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी चुकले तर दोन्हीकडून चुकते." मी चहा आणून ठेवला.

विमान गेलं. शाहीन एकदा सनाचा घसा दाखवायला आली होती, जिन्यात आम्ही समोर आलो. ती डॉक्टरांना म्हणाली, "माझ्या बहिणीची मेंदी झाली काल. फोनवर बघितली मी." डॉक्टर म्हणाल्या, "हां." ती म्हणाली, "तुम्हाला खरं सांगितलं म्हणून." आणि उतरून गेली. तिचं म्हणणं चूक होतं असंही नाही. ती खोटं बोलत राहिली असती तर कदाचित त्या विमानात असती, कदाचित दुसऱ्या हॉस्पिटलात. ते तिला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनीही नाही.

उत्तर आलं ते लग्न होऊन गेल्यावर. त्या पेशींत विषाणू होता. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी कागद वाचला, मला सांगायला लागल्या, आणि मी टाइप केलं. पाय खोक्यावरच होते. शेवटच्या ओळीवर मी पूर्णविराम दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मी जरा घरी जाते." पहिल्यांदा.

शाहीन आभार मानायला आली नाही. इक्बाल एकदा खजुराचा डबा ठेवून गेला. डॉक्टरांनी एवढंच केलं, की डॉ. सामींना खाली बोलावून सांगितलं: ऑपरेशनच्या आधी आईला विचारत जा, बापाला नव्हे, आणि तिला कळेल असं. सामींनी वाद घातला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी डॉक्टरांच्या डोळ्यांनी काम सोडायला लावलं. बाणकोटला भावाच्या घरी जायचं ठरलं. आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो, तुमचे आजोबा आणि मी. इक्बालला कुणीतरी कळवलं होतं. तो ड्युटीवरच होता, आणि सनाला घेऊन शाहीन आली होती. मुलगी उंच झाली होती, दोन वेण्या. इंग्रजीत हॅलो म्हणाली.

डॉक्टर सामानाच्या गाडीच्या काठावर बसल्या, कारण उभं राहवत नव्हतं. सनाला जवळ ओढलं आणि तिच्या मानेला दोन्ही बाजूंनी बोटं लावून चाचपलं, जबड्याखाली, कानामागे. सना माझ्याकडे बघत होती, की हे काय.

"काय नाय," डॉक्टर म्हणाल्या. मग शाहीनला, "बहीण बरी हाय?"

"दोन पोरं झाली तिला."

"मला बोलावलं नाय लग्नाला."

"मी पण नव्हते," शाहीन म्हणाली. "तुमच्यामुळे."

"हां. माझ्यामुळे."

शाहीननं त्यांची बॅग उचलली. गाडीवर ठेवायला म्हणून, पण मग ती स्वतःच घेऊन दारापर्यंत चालत गेली, आणि डॉक्टर तिच्या दंडाला धरून हळूहळू. पासपोर्टच्या रांगेत शाहीनला जाऊ देईनात. तिथे डॉक्टरांनी बॅग घेतली आणि पुढे गेल्या. स्वेटर घातलेला होता. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

आता त्या नाहीत. तळघरातली लॅब वर हलली आहे, मीही केव्हाच घरी बसले. मॅनेजरांचा नियम शेवटी झाला, मुलांचे टॉन्सिल आता नुसत्या डोळ्यांनी बघतात, दोन्ही सारखे नसतील तरच मायक्रोस्कोपखाली जातात. ऑपरेशनच्या आधी मात्र वॉर्डातली नर्स आईला बाजूला घेऊन विचारते, ताप येऊन गेला का, कुठलं औषध दिलं, अंगावर काही उठलं का. आईला हिंदी-इंग्रजी येत नसेल तर तिच्या बोलीचं माणूस शोधून आणते. मागच्या महिन्यात मलाच फोन आला होता. मी गेले आणि विचारलं.